मास्तरांनी गप्प केलेली गाडी

मास्तर कोणाच्याही गाडीत चढण्याआधी चपला बाहेर काढून ठेवायचे. गाडी शेटजींची असो नाहीतर टॅक्सीवाल्याची. मागच्या सीटवर बसायचं, खालची सतरंजी बाजूला सारायची, दोन्ही अनवाणी पाय पत्र्यावर सपाट टेकायचे, डोळे मिटायचे आणि मालकाला सांगायचं, "चालवा. घाई नको. आणि बोलू नका." बरेचजण गोंधळायचे. एकाने तर मला हळूच विचारलं होतं, "अहो, हे मंत्रबिंत्र टाकतात की काय?" लालबागपासून शीवपर्यंत जाऊन परत येईपर्यंत हा माणूस चकार शब्द काढायचा नाही. परत आल्यावर मात्र खिशातून खडू काढून गाडीभर फुल्या मारत सुटायचा. दाराच्या आतल्या अंगाला, पायाखाली, सीटच्या पाठीमागे, डिकीत. फुली म्हणजे इथे पत्रा बोलतो. आणि बोलणाऱ्या पत्र्याला गप्प करायचं, हा मास्तरांचा धंदा होता.

असाही धंदा असतो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं! माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी. त्या काळात गाडीत रेडिओ बसवून घ्यायचं खूळ नवीन होतं. बसवून घ्यायचे आणि आठ दिवसांनी माझ्याच डोक्यावर येऊन बसायचे. "घरचा रेडिओ कसा गोड वाजतो, मग गाडीतलाच का हो खरखरतो?" इंजिनातून येणारी चरचर मी कंडेन्सर लावून मारायचो. पण गाडी म्हणजे चाकांवर ठेवलेला पत्र्याचा डबा. तो खडखडणार, दारं थरथरणार, खालून रस्ता घोंघावणार. त्याला मी काय करू? मी आपला आवाज वाढवायचा सल्ला द्यायचो आणि शिव्या खायचो.

शेवटी एका पारशी गिऱ्हाइकाने लालबागचा पत्ता दिला. चाळीच्या मागे एक पत्र्याची शेड, तिच्यात गाड्यांच्या सीटा शिवणारे एक मास्तर बसतात, म्हणाला. गेलो. पन्नाशीचा, काटकुळा, पांढरी टोपी आणि गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी घातलेला माणूस डांबराच्या डब्यात गोणपाट बुडवत बसला होता. मी माझं गाऱ्हाणं तावातावाने सांगितलं. आता याहून मोठा स्पीकर बसवणार कुठे, अमुक नि तमुक. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे एकटक पाहत सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "तुझो रेडिओ बरो आसा. तेका बोलाक जागा दी."

मास्तर मालवणकडचे. नेहमी मुंबईचं मराठी बोलायचे, पण एखादी गोष्ट मनापासून सांगायची असली की मालवणीवर यायचे.

त्यांचं काम मी पुढे पुष्कळदा पाहिलं. सगळी गाडी आतून उघडी करायची. पत्रा घासून पुसून कोरडा करायचा. फुली असेल तिथे डांबरात भिजवलेलं गोणपाट थापायचं, हाताने दाबून दाबून, मध्ये हवा राहू द्यायची नाही. ते सुकलं की त्यावर लोकरीचा जाड नमदा, दाराच्या कडेने रबराची पट्टी, आणि मग परत वरचं कापड. प्रत्येक थरानंतर बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करायची. आधी पत्रा टणटणायचा. मग नुसतं ठप्प. मास्तर तिथे तळहात ठेवून क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "झोपला." गाडी नेताना मालक दार लावायचा, तेव्हा आतल्या आत कपाट लावल्यासारखा आवाज यायचा. मग मी रेडिओ सुरू करायचो. स्पीकर तोच, व्हॉल्व्ह तेच, आणि तबल्याच्या शाईवर बोट पडतं ते ऐकू यायचं! माणसं थक्क व्हायची आणि श्रेय मला द्यायची. मी ते निर्लज्जपणे घ्यायचो. मास्तरांना त्याचं काही नव्हतं.

गंमत अशी की ज्या माणसाने शंभर गाड्यांचा आवाज बंद केला, त्याचे कान गेलेले होते. पुरते नाही. वीस वर्षं कापडगिरणीत साचे, म्हणजे विणायचे माग, चालवले होते त्यांनी. त्या खात्यात शेकडो साचे एकदम धडधडतात. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथली माणसं ओठांवरून बोलतात. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. वीस वर्षांनी मास्तरांना पाखराचा आवाज, कपबशीचा आवाज, पोराटोरांचं चिवचिवणं, असलं बारीक काही ऐकू येईनासं झालं. जाडे आवाज तेवढे राहिले. बाकी सारं ते पायांनी आणि तळहातांनी ऐकायचे. म्हणून त्या चपला बाहेर.

गिरणी सोडली तरी ओठांची भाषा सुटली नाही. त्यांच्या शेजारच्या साच्यावर पंधरा वर्षं एक जोडीदार होता. चाळीतही शेजारच्याच खोलीत राहायचा, आणि अजून गिरणीत जायचा. गोलमटोल, सदा हसरा. संध्याकाळी दोघे गॅलरीत समोरासमोर स्टुलं टाकून बसायचे आणि गप्पा मारायचे. आवाज नाही! नुसते ओठ हलतायत, भुवया उडतायत, मध्येच दोघेही पोट धरून हसतायत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. नंतर सवय झाली. मी विचारायचो, "अहो, इथे कुठे साचे चालू आहेत? बोला की तोंडाने." मास्तर म्हणायचे, "ह्याच्याशी तोंडाने बोललो तर परक्यासारखं वाटतं." एकदा जोडीदाराने ओठ हलवून त्यावर काहीतरी उत्तर दिलं. बहुतेक माझ्यावरच असणार, कारण दोघेही खूप वेळ हसत होते.

मास्तरांचं आणखी एक वेड म्हणजे ते कधी मोठ्याने बोलत नसत. कान गेलेली माणसं सहसा ओरडून बोलतात. यांचं उलटं. मी चिडका माणूस, माझा आवाज लगेच चढतो. चढला की मास्तर हात वर करायचे आणि नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. आपला आवाज समोरच्याला लागत नाहीये हे कळलं की ओरडण्यात काही राम राहत नाही. मी आपोआप खाली यायचो.

त्यांच्या हातची सगळ्यात उत्तम गाडी कुठली, असं मला कोणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून डॉक्टरांची सांगितली असती. हे डॉक्टर आमच्या गिरगावातलेच, पिढीजात मुंबईकर. सकाळी गिरगावात दवाखाना आणि दुपारी परळला दुसरा, गिरणीकामगारांसाठी. भला माणूस. तोंडाने फटकळ, पण परळच्या दवाखान्यातून कोणाला परत पाठवलं असं कधी झालं नाही. मला म्हणाले, "दिवसभर लोकांच्या छातीतली घरघर ऐकतो मी. मधला अर्धा तास तरी मला स्वच्छ काहीतरी ऐकू दे." मी त्यांना मास्तरांकडे नेलं. मास्तरांनी त्या काळ्या गाडीवर पंधरा दिवस घालवले. दारात दोन दोन थर, डिकीत तीन, काचांच्या खाचेतसुद्धा नवीन नमदा. काम झाल्यावर आम्ही तिघे गाडीत बसलो, काचा वर केल्या. लालबागच्या भर नाक्यावर, दुपारी, आणि आत मला माझ्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुम्ही मला एक खोली बांधून दिलीत." मास्तर लाजले. मी त्यांना लाजताना तेवढंच पाहिलं.

मग ते दिवस आले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने सगळं गिरगाव आणि गिरणगाव पेटलेलं होतं. मोर्चे, हरताळ, अश्रुधूर, गोळीबार. रस्त्यात दगड मांडलेले असायचे. लोक येईल ती गाडी अडवायचे, हात वर करून ओरडायचे, "संयुक्त महाराष्ट्र!" आणि आतल्याने काच खाली करून "झालाच पाहिजे!" म्हटलं की हसून सोडून द्यायचे. मी दुकानाची अर्धी फळी उघडी ठेवून बसायचो. घराघरांतून रेडिओ बिघडल्याच्या तक्रारी यायच्या, कारण प्रत्येकाला बातम्या हव्या होत्या.

सगळं जरा निवल्यावर मास्तर एक दिवस गिरगावात आले. माझ्या दुकानात ते कधीच येत नसत. उभ्या उभ्या म्हणाले, "डॉक्टरांची गाडी आठ दिवसांकरता पाहिजे. तू सांग त्यांना. माझ्याकडून एक चूक राहिली, म्हणावं." मी म्हटलं, "चूक? त्या गाडीत?" ते तोवर पायरी उतरले होते. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी विश्वासाने गाडी दिली.

गाडी परत आली आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर माझ्या दुकानात. चेहरा लाल. "चल, बस गाडीत!" बसलो. काय सांगू! चर्नी रोडपासून ठाकुरद्वारपर्यंत सगळी पृथ्वी आत येत होती. ट्रामची घंटा, फेरीवाले, घोड्याच्या टापा. रेडिओवर बाई काय गातेय कळेना. "डिकीवर कावळा बसला तरी आत ढोल वाजतो!" डॉक्टर ओरडले. आम्ही तसेच लालबागला गेलो. मास्तर शेडच्या दारात उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांना चार माणसांदेखत नको नको ते ऐकवलं. शेवटी म्हणाले, "हात गेला का हो तुमचा?"

मास्तर म्हणाले, "होय. गेला."

"मग परत पहिल्यासारखं करून द्या."

"ते आता माझ्याने होणार नाही."

डॉक्टर गाडीत बसून निघून गेले. दुसऱ्या कोणाकडे तसं काम होतच नव्हतं, त्यामुळे गाडी तशीच राहिली. पण डॉक्टरांच्या तोंडाला कोण आवरणार? मोटारवाल्या मंडळींत त्यांची ऊठबस. महिन्याभरात जो तो म्हणायला लागला, लालबागच्या मास्तरांचा हात गेला. गाड्या यायच्या थांबल्या.

मी मात्र त्याच दिवशी मागे राहिलो होतो. माझं डोकं फिरलेलं. डॉक्टरांना मी आणलं होतं, नाक माझं कापलं गेलं होतं. मास्तरांनी त्या गाडीत मारलेली खडूची फुली अन् फुली माझ्या लक्षात होती, आणि गाडीतून उतरताना मी तिथे तिथे टकटक करून पाहिलं होतं. मी ओरडलो, "हात गेलेला माणूस गोणपाट उलटं लावेल, वाकडं लावेल. तुम्ही ते खरवडून काढलंत! रॉकेल लावून पत्रा साफ केलात, वास अजून येतोय. मला कळत नाही का? ड्रायव्हरच्या बाजूचं दार रिकामं, डिकी रिकामी. मुद्दाम केलंत तुम्ही!"

मास्तरांनी हात वर केला नाही. मला शेडमध्ये आत बसवलं आणि स्वतः डांबराच्या डब्यावर बसले. मग सांगितलं. सगळं मालवणीत, आणि इतक्या हळू, की मला त्यांच्या ओठांकडे बघत बसावं लागलं.

गोळीबार झाला त्या दुपारी त्यांचा जोडीदार गॅलरीत दोरीवरचं धोतर काढायला गेला होता. मोर्चात नाही, घोषणा नाहीत, काही नाही. नाक्यावरून सुटलेली एक गोळी वर आली आणि त्याच्या मांडीत घुसली. रक्त थांबेना. चाळीतल्या दहा-बारा जणांनी त्याला फळीवर घालून खाली आणलं. रस्त्यात दगड, रुग्णवाहिका यायला तयार नाही. तेवढ्यात समोरून एक काळी गाडी आली. पुढच्या काचेवर तांबडा क्रॉस चिकटवलेला. डॉक्टरची गाडी! सगळे रस्त्यात धावले. हात वर करून, जीव खाऊन ओरडायला लागले, "डॉक्टर! ओ डॉक्टर! थांबा!"

"मी वळखलंय गाडी," मास्तर म्हणाले. "बाकी कोणी नाय."

अश्रुधुरामुळे काचा वर होत्या. आत रेडिओवर दुपारच्या बातम्या लागल्या असणार. डॉक्टर घाईत परळच्या दवाखान्याकडे निघाले होते, जखमी तिथे येतील म्हणून. दगड चुकवायला गाडी वळली तेव्हा एक क्षण मास्तर आणि डॉक्टर काचेच्या दोन बाजूंना समोरासमोर होते. पण धूर होता, गर्दी होती, डॉक्टरांनी त्यांना ओळखलं नाही. डॉक्टरांना दिसली ती उघडी तोंडं आणि वर गेलेले हात. सकाळपासून तसेच हात त्यांनी नाक्यानाक्यावर पाहिले होते. त्यांनीही हसून एक हात वर केला. ओठ हलले.

आजूबाजूचे म्हणाले, बघा, हसून पळाला हरामखोर. पण मास्तरांनी ओठ वाचले होते.

"झालाच पाहिजे, म्हणालो तो," मास्तर म्हणाले. "तेका वाटला, आमी घोषणा देतंव."

गाडी पुढे गेली. मास्तर मागे धावले. डिकीपर्यंत पोचले, दोन्ही हातांनी तिच्यावर थापा मारल्या. तीन थरांची डिकी. त्यांचं स्वतःचं काम. "वाजात कशी?" ते म्हणाले. "हातांक नुसती ठप्प लागली. मी थंयच उभो ऱ्हवलंय. माका ठावक होता, आता कितीय आरडला तरी आत जावचा नाय."

जोडीदाराला मग हातगाडीवर घालून नेलं. तो वाटेतच गेला. जाण्याआधी त्याचे ओठ हलत होते. काय म्हणाला ते मास्तरांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

 मग माझा स्वभाव उसळलाच. म्हटलं, "मी सांगतो डॉक्टरांना. आत्ता जाऊन सांगतो. चार माणसांदेखत तुम्हाला एवढं बोलले, त्यांना कळू दे."

मास्तरांनी माझं मनगट पकडलं. पत्रा वाकवणारे हात ते. "त्यानं काय केलं? त्याला ऐकू गेलं नाही. कळलं तर तो माणूस उद्यापासून दवाखान्यात बसणार नाही. परळच्या लोकांनी जायचं कुठे?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "माझा हात गेला, असंच राहू दे." त्यांनी मला जोडीदाराची शपथ घातली. मी ती पाळली, आणि पाळताना मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. डॉक्टर दुकानात येऊन मास्तरांच्या नावाने खडे फोडायचे तेव्हा मी व्हॉल्व्ह पुसत मान खाली घालून बसायचो. एकदा हातातला व्हॉल्व्ह फुटलासुद्धा.

मास्तरांनी पुढे गाडीचं काम घेतलं नाही. एक-दोघे जुने मेहेरबान आले, त्यांनाही हात जोडले. चाळीतल्या लोकांच्या गाद्या, उशा शिवायचे. मी अधूनमधून जायचो. गॅलरीत आता एकच स्टूल असायचं. मी दुसरं आणून बसायचो आणि आम्ही तोंडाने बोलायचो. ते फार बोलत नसत. मला त्यांचे ओठ वाचता येत नाहीत याची तेव्हा खरंच लाज वाटायची.

वर्ष-दीड वर्ष असंच गेलं. एका सकाळी डॉक्टर तणतणत दुकानात शिरले. "तुझ्या त्या मास्तरापायी माझी काल सगळी दुपार फुकट गेली!"

मी मान वर केली नाही. "काय झालं?"

"अरे, भायखळ्याच्या भाजीबाजारावरून चाललो होतो. एक बाई मागून धावत आली आणि डिकीवर बडवायला लागली. आत असा दणका, की मला वाटलं गाडीवर कोणी पडलंच. थांबलो. तर तिचा नवरा, हमाल, फुटपाथवर आडवा. छातीत कळ. त्याला गाडीत घातला, इस्पितळात नेला, तिथे उभा राहिलो. परळला पोचायला चार वाजले. गाडीला अजून कांद्याचा वास येतोय!"

"तो हमाल?"

"तो? वाचला तो. आणखी पाच मिनिटांनी काही खरं नव्हतं." डॉक्टर जरा नरमले, चष्मा पुसायला लागले. "वाचला बिचारा. पण रेडिओचं काय करायचं ते सांग."

मी त्यांना काय सांगितलं कोण जाणे. ते गेल्यावर फळ्या लावल्या, ट्राम पकडली आणि लालबागला गेलो. मास्तर गॅलरीत गादी पसरून तिला दोरे भरत होते. मी समोर बसलो, त्यांना माझे ओठ नीट दिसतील असा, आणि एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. त्यांनी सुई गादीत खोचून ठेवली.

"काच वर होती?"

"वर होती."

"रेडिओ?"

"लावलेला होता. चालू गाडीत ऐकू गेलं त्यांना."

मास्तर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. 

"हाक मारणारी ती बाई," ते म्हणाले, "तिच्याबरोबर किती जणां होती?"

"कोणी नाही. एकटीच होती."

"एकटी?"

"एकटी."

मास्तरांनी दोन्ही तळहात गादीवर टेकले.

"आमी धा-बारा जण होतो रे," ते म्हणाले, आणि आवाज न आवरता, गॅलरीतल्या सगळ्या खोल्यांची दारं उघडली जातील इतक्या मोठ्याने रडायला लागले.